बोट उचलू नका

"थांबा! बोट उचलू नका!"

ओरडणारा माणूस शिडीवर होता. हॉलच्या कोपऱ्यातल्या स्पीकरची तार जोडता जोडता त्याची नजर सहज खाली गेली होती, आणि खाली ती आपल्या छोट्या यंत्राचं लाल बटण दाबून बसली होती.

"का? विंचू आहे का खाली?" तिनं विचारलं. पण बोट मात्र उचललं नाही. आवाजच तसा होता त्याचा.

ती या हॉलमध्ये ज्येष्ठांचा व्यायामवर्ग घ्यायची. वर्गात सगळ्यांत लहान तीच, तरी सत्तरीचे आजोबासुद्धा तिला ताई म्हणायचे. वर्ग चालायचा बाबांच्या सिक्वेन्सरवर. ठेके आणि सूर रचून ठेवायचे आणि हवे तेव्हा वाजवायचे, असं ते वहीएवढं यंत्र. त्यात सोळा घरं, सोळा बटणं. बाबांनी एकेका घरात तिच्यासाठी एकेक ठेका भरला होता. हात वर करायचा वेगळा, मान वळवायचा वेगळा.

शिडीवरचा माणूस धडाधड उतरून तिच्यासमोर उकिडवा बसला. कानामागे पेन्सिल, केसांत जळमट. "सोळा नंबर पुसताय?"

"रिकामाच आहे तो. वर्षभर दाबून बघतेय, हूं नाही की चूं नाही. मला नवा ठेका भरायला जागा हवीय."

"रिकाम्या घराचा दिवा लागत नाही. हा बघा, मंद लुकलुकतोय. आत काहीतरी आहे. कुणीतरी आवाज बंद करून ठेवलाय."

कुणीतरी! म्हणजे बाबांनीच. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. शेवटचा महिनाभर ते कानाला हेडफोन लावून, यंत्र मांडीवर घेऊन बसायचे. काय करताय विचारलं, की म्हणायचे, "झालं की ऐकवतो." ते ऐकवणं राहूनच गेलं होतं.

"पण मी तर दाबलंसुद्धा…"

"दाबलंय, सोडलं नाहीये. हे दाबल्यावर पुसत नाही, बोट उचलल्यावर पुसतं. बनवणाऱ्यानं माणसाला विचार करायला तेवढाच वेळ ठेवलाय."

"मग बंदच करते सरळ!"

"अजिबात नको! लाल बटण धरून बंद केलं, की सोळाच्या सोळा घरं साफ. छुपा शॉर्टकट आहे तो."

"असले शॉर्टकट छुपे कशाला ठेवतात मेले?" ती रडकुंडीला आली होती.

त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "एक उपाय आहे. धरल्या धरल्याच सगळं मेमरी कार्डावर उतरवून घ्यायचं. कार्ड दुकानात आहे माझ्या. मागच्या गल्लीत, दहा मिनिटं. चालाल?"

पहिल्या रांगेतल्या काकू हात वर करूनच हे सगळं ऐकत होत्या. "जा गं ताई, आम्ही आमचं आमचं हलवतो हातपाय. तू बोट सांभाळ." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू हिला सांभाळ रे."

दोघं निघाले. तिनं यंत्र छातीशी धरलेलं, डाव्या हातानं आधार, उजव्या हाताची तर्जनी लाल बटणावर. तिची पिशवी त्याच्या खांद्यावर आली. दारं त्यानं उघडली. रस्ता ओलांडताना तर तो गाड्यांना असा हात दाखवत होता, जणू मागून वरातच येतेय.

"बोलत राहा," तो म्हणाला, "म्हणजे बोटाकडे लक्ष जाणार नाही."

"तुम्हीच बोला. आणखी काय काय छुपं आहे यात?"

"बरंच. शिफ्ट धरून सात दाबलं, की ठेका किंचित लंगडतो. सरळ चालणारा माणूस एकदम झुलत चालायला लागतो."

"म्हणजे आमच्या काकू."

"प्ले धरून मोठं चाक फिरवलं, की लय तीच राहते, सूर चढतो. आणि एखादा ठेका फार आवडला ना…" तो थांबला. "तर बाण दोनदा दाबायचा. तोच पुन्हा पुन्हा वाजत राहतो, पुढे सरकतच नाही."

"तुम्हाला आवडतो एखादा?"

"रोज सकाळी दुकानात जाताना हॉलमधून एक ऐकू येतो. मान वळवायचा." त्याचे कान लाल झाले. "स्पीकर… तसा गेल्या आठवड्यातच नीट झाला होता."

ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिच्या बुटाची नाडी सुटली. तिनं पायाकडे बघितलं, हातांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो रस्त्यातच खाली बसला आणि अगदी मन लावून नाडी बांधू लागला. दुहेरी गाठ मारून वर बघितलं, तर ती हसत होती. सकाळपासून पहिल्यांदाच.

आणि त्या हसण्याच्या भरात बोटाला कळ आली. सुईसारखी, थेट मनगटापर्यंत.

"अहो… सुटतंय! सुटतंय हो!"

बटण हरभऱ्याएवढं. दोन बोटं शेजारी मावणं शक्यच नव्हतं. त्यानं काही न विचारता तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि हलकेच दाबून धरलं.

"आता ढिलं सोडा. दाब माझ्याकडे."

उरलेली वाट दोघं तशीच चालली, चिकटून, एका पावलानं. समोरून येणाऱ्या पोस्टमननं दोनदा वळून पाहिलं.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. सोल्डरचा वास, उघडी पडलेली यंत्रं, आणि भिंतभर त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: कुठलं बटण कशाबरोबर दाबलं की काय होतं. यंत्र टेबलावर टेकवून त्यानं डाव्या हातानं खण धुंडाळून कार्ड काढलं आणि खाचेत सरकवलं.

"आता शिफ्ट तुम्ही धरा. चाक मी फिरवतो. श्वास घ्या."

पडद्यावर एकेक आकडा सरकू लागला. एक, दोन, तीन… चौदावर तो अडकला. तिनं डोळे गच्च मिटले. जगातली सगळी वर्षं त्या चौदावर उभी होती. मग पंधरा. मग सोळा.

"उतरलं. पण आधी खात्री करू, मग बोट उचला." त्याच्याकडे तसलंच दुसरं यंत्र होतं. त्यात कार्ड घालून त्यानं बंद आवाज उघडायला म्यूट धरलं आणि सोळा दाबलं.

आधी नुसती खरखर. मग बोटांनी टेबलावर धरलेला ताल, सावकाश, अगदी सावकाश. बाबांची बोटं होती ती. त्यावर एक साधी धून, आणि आठव्या मात्रेला बाबांचा थकलेला, हसरा आवाज.

"घाईबाई, इथे श्वास घे."

पुन्हा आठ मात्रा. पुन्हा, "घाईबाई, इथे श्वास घे."

लहानपणापासून हेच नाव होतं तिचं घरात. जेवायची घाई, बोलायची घाई, आणि आज तर पुसायचीसुद्धा घाई! तिला रडू फुटलं, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता; डावा अजून शिफ्टवरच होता. त्यानं आपली बाही पुढे केली, आणि तिनं संकोच न करता त्या बाहीनंच डोळे टिपले. सोल्डरच्या वासाच्या त्या बाहीत तिला इतकं कृतज्ञ वाटलं, की कुणाकुणाचे आभार मानू असं झालं. बाबांचे, शिडीचे, बिघाड नसलेल्या त्या स्पीकरचे. आणि बोट उचलेपर्यंत वाट बघणाऱ्या या शहाण्या यंत्राचे.

"तुम्ही ओरडला नसतात तर…" ती म्हणाली. "मला कधी कळलंच नसतं. आयुष्यभर विसरणार नाही मी हे."

त्यानं घसा साफ केला. "उचला आता बोट. घर पुसलं गेलं तरी हरकत नाही, सगळं कार्डावर आहे. नव्या ठेक्याला जागाही होईल."

तिनं खाली बघितलं. लाल बटणावर तिचं बोट, त्यावर त्याचं.

"मी उचललं, की तुम्ही हात काढणार?"

"म्हणजे… काढावा लागेल ना…"

शेजारच्या यंत्रातून बाबा पुन्हा म्हणाले, "घाईबाई, इथे श्वास घे."

तिनं शहाण्या मुलीसारखा खोल श्वास घेतला.

"ऐकलंत ना? मग कसली घाई आहे?"

मोकळ्या हातानं त्यानं शेजारच्या यंत्राचा बाण दोनदा दाबला, पायानंच स्टूल जवळ ओढलं, आणि तो बसला.