बोटभर कालवण

त्या दिवशी सकाळी मी नदीवर गेलो तो मासा आणायला. दुसरं काही काम नव्हतं. आमच्या पिंजऱ्यात पतीन मासे वाढवलेले होते, त्यातला एक चांगला जाड, पोटाला चरबी धरलेला निवडायचा होता. आमची लेक मेलुर शहरातून यायची होती आणि बरोबर जावई. निकाह शहरातच झाला. मी गेलो होतो, पण माझ्या बायकोचे, तिमाहचे, गुडघे चालत नाहीत. तिने जावयाला नुसतं फोनमध्ये पाहिलं होतं. म्हणून ती पहाटेपासून चुलीपाशी.

दिवा जरा बारीक करतो. किडे येतात... हं.

जावई दूरचा, डेन्मार्कचा. तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो म्हणे. त्याचं नाव योनास होतं, निकाहाच्या वेळी युनूस झालं. माणूस इतका उंच, की शिडी चढून घरात शिरला आणि पहिल्या पावलाला चौकटीवर डोकं आपटून घेतलं.

माझा जुना सोबती जुसोह मागच्या पायरीवर तंबाखू वळत बसला होता. तो म्हणाला, "देरामन, जावई आणलास की माड आणलास?"

"माडच बरा," तिमाह आतून म्हणाली. "तुझ्यासारखा बुटका काय कामाचा? वरचं मडकं काढायचं तर स्टूल लागतं."

युनूसला आमची भाषा थोडीच यायची. आपल्यावर हसतायत एवढं त्याला कळलं आणि तोही हसला. मला तिथेच तो आवडला.

त्याला सगळं करून बघायचं होतं. तिमाहने त्याला खवणीवर बसवलं. आमची खवणी घोड्यासारखी असते, वर बसायचं आणि पुढच्या पात्यावर नारळ फिरवायचा. बसल्यावर त्याचे गुडघे कानांना लागले. खवता खवता तो करवंटीपर्यंत पोचला.

"अरे बाळा, पांढरं संपलं की थांब," तिमाह म्हणाली. "लाकूड खायला घालतोस काय आम्हाला?"

मेलुर खलात हळद आणि मिरच्या कुटत होती. तिने हसत हसत त्याला ते समजावून सांगितलं. तिची बोटं पिवळी झाली होती. लहानपणी ती अशीच बसायची, एक पाय दुमडून, जीभ जरा बाहेर काढून. मी बघत राहिलो. बापाला एवढं बघायला मिळालं की पुरे असतं.

सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. केळी दिली तर नको, भात दिला तर नको.

"मी पोट रिकामं ठेवलंय, आई. तिकडे मला झोपेत तुझ्या कालवणाचा वास यायचा. उठले की उशी चावावीशी वाटायची."

"हावरट कुठली," तिमाह म्हणाली. पण तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

दुपार कलली. तिमाहने बरणीतला दुरियन फळाचा आंबवलेला गर काढला, पाण्यात कालवला, त्यात खलातलं वाटण घातलं आणि पतीनचे तुकडे सोडले. घरभर तो आंबट, जड वास पसरला. उकळी फुटली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की वासासाठी घालायचा कसूमचा पाला नाही. त्याच्याशिवाय तिला चालत नाही. पाला पलीकडच्या काठाला, सिआह आत्याच्या परसात.

"मी आणते," मेलुर म्हणाली. "युनूसला नदीपण दाखवते. गेलो आणि आलो."

ती दोघं उठली तशी तिमाह ओरडली, "थांबा! चुलीवर भांडं चढलंय. बोट लावल्याशिवाय पाहुणा बाहेर जायचा नाही."

आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. अन्न समोर आलेलं, मनात त्याची इच्छा धरलेली, आणि ते न चाखता माणूस घराबाहेर पडला, तर ती इच्छा त्याच्यामागे जाते. मग साप चावतो, झाड पडतं, नदी ओढते. जेवायला वेळ नसेल तर नुसतं बोट टेकवायचं आणि जिभेला लावायचं. तेवढ्याने भागतं.

मेलुरने नवऱ्याला दोन शब्दांत सांगितलं. त्याने झाकण उचललं आणि पहिलं बोट थेट उकळत्या कालवणात बुडवलं. "आऊ!" करून ते तोंडात घातलं. आंबट, तिखट आणि भाजलेलं बोट, त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. तोंड असं केलं, की जुसोह पायरीवरून घसरला. तिमाह पदराने डोळे पुसायला लागली.

"आता काळजी नाही," जुसोह म्हणाला. "आणि नावही युनूस! त्या युनूस पैगंबराला तर गिळणारा मासासुद्धा पचवू शकला नाही."

आम्ही सगळे त्याच्या बोटाकडे बघत हसत होतो. मेलुर तोवर शिडी उतरून खाली गेली होती. खालून तिचा आवाज आला, "आई, माझ्यासाठी डोक्याचा तुकडा ठेव हं!"

मग होडीचं इंजिन सुरू झालं.

पुढे काय झालं ते कुणीच धड पाहिलेलं नाही. मी घरातलं तेवढं सांगतो.

दिवस मावळायला आला होता. जुसोह घरी गेला. मी पुढच्या ओसरीवर मासे धरायचा पिंजरा विणत होतो. वारा पडलेला. नारळाची झावळीसुद्धा हलत नव्हती. आणि मग मागच्या शिडीपाशी पाण्याचा आवाज आला. तिथे रांजण असतो, पाय धुऊन वर यायचं असतं. करवंटीने पाणी घेतलं, ओतलं. पुन्हा घेतलं, ओतलं. पुन्हा... मला वाटलं, एवढा कसला चिखल लागलाय पोरीच्या पायाला.

होडीचा आवाज काही मी ऐकला नव्हता. पण म्हातारे कान.

"आलीस?" तिमाह म्हणाली. "आणि युनूस?"

"येतोय..."

"पाला?"

"पाण्यात... राहिला."

मी वळून पाहिलं. मधल्या दारातून चुलीचा उजेड दिसत होता आणि त्यापुढे मेलुरची पाठ. एक पाय दुमडून बसलेली. केस सुटलेले, पाठीला चिकटलेले. चिखलाचा वास आला, नदीच्या तळाचा असतो तसा थंड वास. कालवणाच्या वासावर तो हळूहळू चढत गेला.

"अगं, भिजलीस की! पडलीस का?"

"आई, वाढ ना... भूक लागलीय."

"नवऱ्याला येऊ दे. पहिल्यांदा घरी आलाय, त्याला सोडून जेवणार का तू? आधी डोकं पूस."

जमिनीच्या फळ्यांमधल्या फटींतून खाली पाणी गळत होतं. टप... टप... खाली कोंबड्या होत्या. रोज त्या वेळी त्या कलकलाट करतात. त्या दिवशी एक चकार शब्द नाही.

"बोटभर तरी... आई... बोटभरच..."

"किती गं तुझी घाई," तिमाह हसली. मी झाकण काढल्याचा आवाज ऐकला.

आणि त्याच वेळी घाटाकडून आरोळी आली. माणसाची म्हणून ओळखू येणार नाही अशी. तिमाह दाराकडे वळली. मी उठलो. युनूस चिखलाने माखलेला, चारी हातापायांवर काठ चढत येत होता. त्याच्या मुठीत पाण्यातून काढलेला पाला होता.

"पाणी शांत," तो म्हणाला. जेवढे शब्द येत होते, तेवढेच पुन्हा पुन्हा. "पाणी शांत, बाबा. मेलुर पुढे बसते. पाला धुते. मी मागे, इंजिन बघतो. मग पुढे बघतो... मेलुर नाही."

"ओरडली? हाक मारली?"

"आवाज नाही. काही नाही."

मी म्हणालो, "अरे, ती तर घरात आहे. आत्ताच आली." आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. तिमाह झाकण हातात धरून उभी होती. चुलीसमोरच्या फळ्या काळ्या ओल्या होत्या. भांड्यातलं कालवण तसंच, त्यावरची साय कुणी मोडली नव्हती.

"मी नुसती मान वळवली," तिमाह म्हणाली. "नुसती मान वळवली हो मी..."

मेलुर खालच्या वळणावर सापडली, वेळूच्या बेटात. तिला अंघोळ घालणाऱ्या बायकांतली एक नंतर तिमाहजवळ कुजबुजली, की उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलेलं होतं. बाकीची बोटं मिटली. ते मिटेना. कफनात तसंच ठेवलं.

नदीला पूर नव्हता. होडी उलटली नव्हती. त्या दुपारी ज्याला त्याला जावयाचीच काळजी, त्याने बोट लावलं की नाही. घरच्या पोरीला काय सांगायचं, तिला सगळं ठाऊकच. मी आता हे कुणाला समजावत नाही. समजून तरी काय होणार?

युनूस चाळिसाव्या दिवसापर्यंत राहिला. रोज कबरीवर पाणी घालायचा. मग गेला आपल्या देशात. जाताना तिमाहच्या पायाशी बसून रडला. तिने त्याचा उजवा हात हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं, त्याचं ते बोट अजून पिवळं होतं.

"जात नाही," तो म्हणाला. "साबण, लिंबू... जात नाही, आई. वासपण."

तो फोन करायचा, दर शुक्रवारी. आधी रडायचा. मग रडणं थांबलं आणि एकदा हळूच म्हणाला, "आई, एक सांगतो. सकाळी मी उठतो... ते बोट ओलं असतं. तेवढं एकच. बाकी हात कोरडा. बाहेर बर्फ आहे, खिडक्या बंद आहेत. ते ओलं, आणि चिखलाचा वास."

"पिवळं आहे का अजून?" तिमाहने विचारलं.

"आहे. पिवळं तसंच."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. रात्री मला म्हणाली, "अहो, माझी पोर तिकडे जाते. इतक्या लांब, थंडीत. चाखता येत नाही तिला, नुसती चाटत बसते. तिच्या आईचं घर इथं असताना..."

दुसऱ्या दिवसापासून तिमाह रोज कालवण करते. छोट्या मडक्यात, दोन तुकडे. कसूमचा पाला विसरत नाही. अंधार पडला की उजव्या हाताचं पहिलं बोट त्यात बुडवते आणि पोरीने येऊन चाखावं म्हणून ते न धुता झोपते, हात मच्छरदाणीबाहेर काढून. मुंग्या चावतात. सकाळी बघते तर बोट कोरडं, वाळलेली हळद तशीच. मग ती माझ्याकडे बघते. मी दुसरीकडे बघतो. असे किती महिने गेले असतील.

जुसोहसुद्धा आता मागच्या पायरीवर बसत नाही. म्हणतो, पायरी ओली असते.

गेल्या शुक्रवारी युनूसचा फोन आला नाही. मी वाट बघितली. शेजारच्या मास्तरणीकडून लावून बघितला. वाजत राहतो, कुणी उचलत नाही. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही आला नव्हता.

आणि आज पहाटे तिमाहने मला हलवून उठवलं. हात पुढे केला. मी हाच दिवा जवळ आणला.

बोट ओलं होतं. पाणी मनगटापर्यंत ओघळलं होतं, खालची चटई भिजली होती. चिखलाचा वास येत होता.

हळद मात्र तशीच होती.