मागच्या डाव्या सीटची खुटखुट

गाडी जुनी, पण गुणी होती. एका हाकेत सुरू व्हायची, पेट्रोलही बेताने प्यायची. तक्रार एकच, मागून येणारी खुटखुट. खड्ड्यांतून जाताना ती गप्प असायची आणि गुळगुळीत रस्ता लागला की सुरू व्हायची.

एरवी त्याने दुर्लक्ष केलं असतं. पण दिवस भरायच्या आधीच जन्मलेली त्यांची लेक आता हॉस्पिटलमधून घरी यायची होती. बारीकशा आवाजानेही ती दचकायची, आणि दचकली की तिचा श्वास अडायचा. "रस्ता लांबचा आहे, गाडीत अगदी शांतता हवी," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

त्याने जंग जंग पछाडलं. डिकी रिकामी केली, जॅक कापडात गुंडाळला, नंबरप्लेटमागे स्पंज कोंबला. गॅरेजवाल्याने गाडीखाली शिरून सगळे नटबोल्ट आवळले आणि हात पुसत म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब, थोडी बोलणारच."

"बोलू दे की. काय बोलते ते मी ऐकते," बायको म्हणाली.

ती घड्याळं दुरुस्त करायची. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ मागे पडतंय हे तिला स्वयंपाकघरातून, नुसत्या टिकटिकीवरून कळायचं. हॉस्पिटलच्या खेपांनी ती पार शिणली होती, तरी डिकीत अंगाची जुडी करून पडली आणि आतून ओरडली, "चालव!" ही बाई आपल्या वाट्याला आली कशी, याचं त्याला पुन्हा एकदा नवल वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा केसांत धूळ होती. "मागची डावी सीट," ती म्हणाली.

त्या सीटवर ती बसली की आवाज बंद. उठली की पुन्हा सुरू.

"वजनाचा प्रश्न आहे," तो म्हणाला. त्यांनी तिथे पुस्तकांचं खोकं ठेवलं. आवाज चालूच. पाण्याचा भरलेला कॅन ठेवला, तरी चालूच. ती बसली आणि बंद झाला.

"वजनाचं नाहीये हे," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पार्किंगमध्ये उतरला तेव्हा बायको एकटीच गाडीत पुढे बसली होती. त्याला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं. इंजिन बंद होतं, काचा वर होत्या.

खुट. खुट.

मागच्या डाव्या सीटबेल्टचं लोखंडी टोक दाराच्या प्लॅस्टिकवर आपटत होतं. वाट बघून कंटाळलेल्या माणसाने बोटाने टेबल वाजवावं, तसं सावकाश.

बायको उतरली, मागचं दार उघडलं, पट्टा ओढून रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि खटकन लावला. आवाज थांबला.

"अगं, पण उभ्या गाडीत..."

"थांबला ना? मग झालं तर." ती ठामपणे बोलली खरी, पण हात मात्र कितीतरी वेळ ओढणीला पुसत राहिली.

ज्याच्याकडून ही गाडी घेतली होती, त्या म्हाताऱ्याला त्याने फुशारकीने फोन केला. "तुमच्या गाडीची खुटखुट घालवली बरं का माझ्या बायकोने!"

पलीकडून म्हातारा एवढंच म्हणाला, "पट्टा लावलात ना? लावूनच ठेवा."

त्याने पट्ट्याचं नावही काढलं नव्हतं.

लेक घरी यायला निघाली. मागे मधोमध तिची पाळणासीट, उजवीकडे बायको, आणि डावीकडे रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा. गाडीत इतकी शांतता होती की लेकीचा श्वास ऐकू यावा. ही शांतता बायकोने मिळवली होती. आरशात तिच्याकडे बघताना त्याचा ऊर भरून आला.

पुलापाशी एक सायकलवाला अचानक आडवा आला. त्याने गाडीचा ब्रेक करकचून दाबला.

तो मागे वळला.

लेक झोपेतच होती. श्वास नीट चालला होता. बायकोने दोन्ही हातांनी पाळणासीट घट्ट धरली होती, पण तिची नजर लेकीवर नव्हती.

डावीकडचा पट्टा सीटपासून वीतभर पुढे आला होता. कुणाला तरी अडवून धरावं तसा ताठ.

मग पट्टा सावकाश मागे गेला, आणि सीटला टेकायच्या आधीच थांबला.

बायकोचा आवाज जराही कापला नाही.

"हळू चालव," ती म्हणाली. "मागे आम्ही तिघं आहोत."