कशावर दळलं?

“पिठाला इंग्रजीत पावडर!” पुष्कर ओरडला.

“दुधाची पावडर, हळदीची पावडर. पण पावडरची भाकरी थापतात का रे?” पद्माकरकाकांनी विचारलं.

“मग मील!” वैभवी म्हणाली.

“जवळ आलीस. पण मील म्हणजे भरड. मक्याचा भरडा काढला की कॉर्नमील. आणि अगदी बारीक दळलं की?”

“फ्लाअर!” दोघंही एकदम किंचाळली.

“शाब्बास! तांदळाचं राइस फ्लाअर, हरभऱ्याचं ग्राम फ्लाअर. आता सांगा, नुसतंच फ्लाअर म्हटलं, तर ते कशाचं?”

फरीदाबादच्या त्या नव्या सेक्टरात मे महिन्याची दुपार पेटली होती. वीज गेलेली, कूलर बंद, आणि सुट्टी असून बाहेर पडायची सोय नाही! म्हणून पोरं काकांकडे जमायची. काका निवृत्त शिक्षक. रोज एक शब्द काढायचे आणि त्याच्या भावंडांना शेजारी बसवून फरक विचारायचे.

अबोलीचं मात्र खेळात लक्ष नव्हतं. तिचे कान शेजारच्या घराकडे, आपल्याच घराकडे लागले होते. तिथे तिचा धाकटा भाऊ निहार पोट धरून कण्हत होता.

“अबोली, तू सांग.”

“गव्हाचं,” ती कशीबशी म्हणाली.

“बरोबर! बाकी धान्यांना नाव सांगावं लागतं. गव्हाला नाही. इथल्या ‘आटा’ शब्दाचंही तसंच. गहू इतका घरचा झालाय, की त्याचं नाव घ्यायचंच लोक विसरतात. आपण मात्र पीठ म्हटलं की लगेच विचारतो, कशाचं?”

अबोली ताडकन उठली आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागली.

“काय गं, काय झालं?” वैभवीने विचारलं.

“निहार परत आजारी पडलाय! आणि रविवारी बाबा त्याला पुण्याला नेऊन सोडणार. उल्कामावशीकडे. शाळासुद्धा तिकडेच! तिकीट काढलंय!”

निहारला गहू चालत नाही, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. गव्हाचा कण पोटात गेला तरी त्याला त्रास व्हायचा. म्हणून घरात त्याच्यासाठी ज्वारी आणि तांदूळच. ताट वेगळं, तवा वेगळा. तरी तो बरा होईना. आई-बाबा दोघंही नोकरीवर. शेवटी बाबा म्हणाले, मावशी घरी असते, तिचं लक्ष राहील.

“यार, तो चोरून बिस्किटं खात असणार!” पुष्कर म्हणाला.

“मुळीच नाही! सुट्टी लागल्यापासून मी त्याला क्षणभर एकटा सोडलेला नाही. मधे छान खेळत होता. आणि काल आईने त्याच्या पिठाचा डबा खरवडून भाकरी केली, तर रात्रीपासून...” अबोली थबकली. “अरे! मागच्या वेळीही डबा संपतच आला होता! आणि त्याच्या आधीही!”

“मग शिळं पीठ असेल,” वैभवी म्हणाली.

“बाबा थोडंथोडंच दळून आणतात. शिळं व्हायला वेळच नाही. तळाशी काहीतरी आहे!”

“तळाशी कोण घालणार?” पुष्कर हसला. “भूत?”

“तळाशी काय जातं रे? जे डब्यात आधी पडतं ते!” अबोलीचे डोळे चमकले. “पुण्याला आजीबरोबर गिरणीत गेले की तिथे सगळ्या बायका आधी विचारतात, कशावर दळताय? गव्हावर ज्वारी टाकली, तर आत राहिलेला गहू आधी बाहेर येतो. आजी तर थांबून राहते, ज्वारीवरच टाका म्हणते. इथे विचारतं कोण? बाबा डबा ठेवतात आणि ऑफिसला पळतात!”

काकांनी चष्मा काढला. “पोरी, हे बाबांना आजच सांग.”

तिने सांगितलं. पण बाबांच्या नव्या कंपनीत कुठलेसे परदेशी पाहुणे यायचे होते, आणि फोन कानापासून हलत नव्हता.

“अगं, चक्कीवाल्या लालाजींना विचारलंय मी. मशीन अगदी साफ करून दळतात. तू नको डोकं चालवूस. पुण्याला त्याची छान सोय होईल.”

“पण बाबा...”

“अबोली, पुरे!”

त्या रात्री तिला झोप येईना. नुसतं सांगून मोठी माणसं ऐकत नाहीत. त्यांना दाखवायला हवं! पण ज्वारीचं पीठ पांढरं, गव्हाचंही पांढरं. दाखवणार कसं?

सकाळी वैभवीकडे नाश्त्याला नाचणीची खीर होती. अबोलीने ती लालसर खीर पाहिली मात्र, जागच्या जागी उडीच मारली!

“वैभवी, तुमच्याकडे न दळलेली नाचणी आहे? आणि लोणच्याची रिकामी बरणी? काचेची!”

तासाभरात तिघं बाजारातल्या आटा चक्कीवर हजर झाली. लालाजी कुणाचा तरी गहू दळत होते. तो संपताच पुष्कर पुढे सरसावला.

“अंकल, ये भी पीस दो.”

“ये क्या है? राई?”

“रागी है, अंकल. मशीन साफ है ना?”

“एकदम साफ! रोज़ सुबह करता हूँ।” लालाजींनी बरणीकडे पाहिलं. “और ये शीशा? टूट गया तो?”

“टूटा तो हमारा, अंकल! बिल्कुल!”

लालाजी हसले. बरणी कापडी नळीखाली गेली, पट्टा फिरू लागला, जमीन थरथरली. नळीतून पीठ पडलं... पांढरं! चांगलं बोटभर पांढरं! मग ते मळकट झालं, आणि मग खाली आली लालसर तपकिरी नाचणी.

“पाहिलंस?” वैभवीने तिचा दंड इतका दाबला की ती कळवळली.

चक्की थांबली. लालाजी बरणीकडे बघत राहिले. “अरे, थोड़ा-बहुत तो अंदर रह ही जाता है, बेटा. आटा ही तो है!”

“उसी आटे से मेरा भाई बीमार पड़ता है, अंकल,” अबोली म्हणाली. “हमारी ज्वार में भी यही आता है. अब उसको घर से भेज रहे हैं.”

लालाजींच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. “साहब ने बोला था साफ करना. मैंने सोचा, यूँ ही बोलते हैं...”

संध्याकाळी अबोलीने बरणी बाबांच्या फायलींवरच आणून ठेवली. फोन चालू होता. बाबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग काचेतून तो पांढरा थर पाहिला. मग अबोलीकडे पाहिलं, आणि फोन ठेवून दिला.

“ही लालाजींकडे दळलेली नाचणी. आपल्या डब्यातही असंच, वर आपली ज्वारी, खाली दुसऱ्याचा गहू,” ती म्हणाली. “डबा संपत आला की निहारच्या ताटात तो यायचा.”

“आणि मी स्वतः डबा नेऊन ठेवत होतो!” बाबांनी बरणी हातात घेतली. आईने तर डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात दारात लालाजी! दुकान सोडून आले होते. मागच्या खोलीत त्यांची एक छोटी चक्की होती. हिवाळ्यात मक्यापुरती चालायची, गहू तिच्यात कधी गेलाच नव्हता. ती घासूनपुसून ते निहारच्या धान्यासाठी ठेवणार होते. “जब चाहो, खड़े होकर देख लेना, बिटिया,” ते अबोलीला म्हणाले.

बाबांनी डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, कारण मिळालं की, ते तर पिठाच्या डब्यातच होतं! आता कुठेही पाठवू नका, महिनाभराने मला दाखवा. आणि त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

“शाबासकी माझीही!” काका दारातूनच म्हणाले. “मी शब्द सांगितला, ही डब्याच्या तळापर्यंत गेली.”

“आम्ही पण गेलो होतो!” त्यांच्या मागून पुष्कर ओरडला. “बरणी मी धरली होती!”

बाबा उठले. “चला, आधी ते पुण्याचं तिकीट रद्द करतो.”

आणि काय! पलंगावरून निहारने भोकाड पसरलं. “नाही! मला आगगाडीत बसायचंय!”

क्षणभर कुणालाच कळेना, हसावं की रडावं. मग बाबांनी त्याला उचलून घेतलं.

“बसायचंय ना? मग बसू या. चौघंही जाऊ. पण या खेपेला परतीचीही तिकिटं काढतो. चारही!”