बारा फुटांवरचा खडक

मेथीच्या वाफ्यात परका माणूस खिळे ठोकताना दिसला, तर वडनेरची पोरगी गप्प बसेल होय? रीतानं वांग्यांची टोपली खाली आपटली आणि ओरडली, "ओ भाऊ! मेथीत खिळे काऊन ठोकून राह्यले?"

घ्या! पहिल्याच भेटीत भाऊ म्हणून मोकळी झाली. पुढे त्याचंच तिला हसू यायचं.

तो दचकला. योगेंद्र त्याचं नाव, पुण्याच्या कॉलेजातला संशोधक. आदल्या वर्षी, सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, जबलपूरला भूकंप झाला तेव्हा वडनेरातही मांडणीवरची भांडी वाजली होती. आता तीन-चार गावच्या कॉलेजांतली पोरं आपापल्या वाट्याची जमीन मोजत होती. सगळ्यांचे तुकडे जोडून जमिनीच्या पोटाचा एकच नकाशा करायचा होता. पुढच्या खेपेला कुठलं गाव किती हलेल, ते त्यावरून ताडायचं.

"लोखंडी पाटावर घण मारायचा," तो सांगू लागला. "हादरा मातीतून रेंगाळत जातो, खडकातून पळत जातो. ते हे खिळे टिपतात. काळी माती खोल असली की घर जास्त हलतं."

"जमीन तं जागच्या जागी हाये. तुम्हीच काऊन हलून राह्यले?"

त्याचे कान लाल झाले. घण मारून मारून तळहाताला फोड आले होते. रीतानं घरातून खोबरेल आणून दिलं. आपल्या हातानं लावावं असं फार वाटलं तिला... पण वाटी तेवढी पुढे केली.

चार दिवस तो आला. चौथ्या दिवशी त्यानं वही उघडली. "तुमच्या विहिरीला खडक किती फुटांवर लागला? आतून बांधलीय, दिसत नाही."

"कायले पाह्यजे?"

"यंत्राचा आकडा विहिरीशी जुळला की इथलं काम संपलं. नाही जुळला तर पुन्हा यावं लागतं. गिरडला दोनदा जावं लागलं."

रीताचे वडील, बंडूजी, भाजी घेऊन हिंगणघाटच्या बाजाराला गेले होते. खडक लागून पाणी फुटलं त्या दिवशी त्यांनी विहिरीवर नारळ फोडून गावभर शिरा वाटला होता. पस्तीस फूट, हे रीताला तोंडपाठ होतं.

"बारा फूट," ती म्हणाली.

बाई गं, काय केलंस! पण त्या घडीला तिला फक्त एवढंच कळत होतं, की हा माणूस पुन्हा यायला हवा.

पंधरा दिवसांनी त्याचं कार्ड आलं. 'सगळ्यांच्या नकाशात माझाच तुकडा बसेना. सरांनी सर्वांदेखत झापलं. म्हणतात, तुझीच मोजणी चुकली, विहिरीचा आकडा धर. विहिरीवाल्या खोटं कशाला बोलतील? पण माझं मन मानत नाही. सोमवारी येतो.'

'सोमवारी येतो' हे तिनं दहादा वाचलं. मग 'खोटं कशाला बोलतील' वाचलं, आणि तोंडचं पाणीच पळालं. आपल्यापायी त्याला चारचौघांत बोलणी बसली! तिनं त्याच दुपारी पत्र टाकलं. 'खडक पस्तीस फुटांवर आहे. चूक माझी. आता जुळेल. तुम्हाला यायची गरज नाही.'

शेवटचं वाक्य शरमेनं लिहिलं होतं. तरी सोमवारी ती नवी ओढणी घेऊन बस स्टँडवर तीन गाड्या पाहून आली. तो आला नाही.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात आला. रीता तेव्हा माहेरी आली होती, बोटाला चार वर्षांची लेक, खुशी. शाळेत नकाशा देऊन परत निघालेला योगेंद्र बस स्टँडवर दिसला, हातात नकाशाची आणखी एक गुंडाळी. कानाशी केस पिकू लागले होते.

"तुमची विहीर आहे यात," तो म्हणाला. "आकडा बरोबर जुळला."

"मी खोटं काऊन बोलली, ते इचारलं नाई तुम्ही."

"विचारायचं होतं. त्या सोमवारचं तिकीटही काढलं होतं."

"मंग?"

"तुम्हीच लिहिलंत, यायची गरज नाही."

खुशी हात ओढत होती, बस वळणावर दिसू लागली होती. आता नाही तर कधीच नाही.

"तुम्ही पुन्हा यावं म्हणून बोलली होती मी... बारा फूट."

त्यानं हातातली गुंडाळी काखेत मारली.

"मी प्रत्येक गोष्ट दोनदा पडताळायचो, रीता," तो म्हणाला. "तेवढं एकच वाक्य पडताळलं नाही."

बस थांबली. तो चढला. रीतानं खुशीला कडेवर घेतलं आणि घरची वाट धरली.