नदीकाठची शर्यत

कुएंका शहराच्या क्रीडासंकुलात त्या रविवारी भिंतीवर चढायची स्पर्धा होती, आणि येसेनिया आत शिरली ती केवळ गारांपासून डोकं वाचवायला. खेळातलं तिला ओ की ठो कळत नसे. पण टीव्हीवर धावणं, उड्या, चढणं लागलं की हातातलं काम टाकून ती बघत बसायची... कोण जिंकलं ते संध्याकाळी विसरायची.

शेजारच्या तरुणानं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते.

"डोळ्यांना काही होतंय का?" तिनं विचारलं. "मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, म्हणून म्हटलं."

"डोळे ठणठणीत आहेत. भिंतीवर माझी बहीण आहे, निन्फा. बघवत नाही... तुम्ही सांगता का जरा?"

"मला त्यातलं काही कळत नाही हं."

"दिसतं ना? पुष्कळ झालं."

मग तिनं सुरू केलं. "वरच्या फळीवरचा डबा काढताना टाकतात, तसा एक पाय लांब टाकलाय. हात पिवळ्या गोळ्यावर. घसरतोय... नाही, धरला! आता हाताला पीठ चोळतेय."

"पीठ नाही, पावडर. घामानं हात घसरू नयेत म्हणून."

"डोळे झाकून मलाच शिकवा!"

तो हसला, आणि नेमकी तेव्हाच निन्फा सुटली. दोरीला लोंबकळत ती हात हलवत होती, आणि तिच्याशी चढाओढ करणाऱ्या मुलीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. येसेनियाला ते फार आवडलं.

त्याचं नाव फाउस्तो. तो चालण्याच्या शर्यतीत उतरायचा.

"चालण्याची शर्यत? ती तर आमची आजी रोज बाजारात जिंकते."

"आजीचे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले तर पंच बाद करतात का?"

"पंचाची काय टाप आहे!"

त्यानंतर दर रविवारी तो तोमेबांबा नदीच्या काठानं सरावाला निघे, आणि पुलाजवळ ती उभी असे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पुढचं मात्र कुणीच बोलेना. निवड-शर्यत जवळ आली होती. जिंकला तर तो वर्षभर सरावासाठी स्पेनला जाणार होता.

शर्यतीच्या दिवशी ती बेकरीसमोर उभी राहिली. फेरीमागून फेरी, तो दुसरा होता. शेवटच्या फेरीआधी ती जरा बाजूला गेली, आणि परतली तेव्हा तो रस्त्याच्या कडेनं सावकाश येत होता. ती एकटीच टाळ्या वाजवत सुटली.

"जिंकलास?"

"बाद झालो."

तिचे हात थांबले. "कशानं?"

"पाय सुटले. तू जागेवर दिसली नाहीस. वाटलं, गेलीस... पुढच्या वळणावर असशील म्हणून घाई केली."

"अरे, मी तुझ्यासाठी संत्री आणायला गेले होते!" तिचा आवाज चिरकला. "म्हणजे माझ्यामुळं—"

"पाय माझे होते, येसेनिया." तो फुटपाथवर बसला. "आता स्पेन नाही. म्हटलं, आज विचारूनच टाकावं..."

तिनं संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "स्पेन हुकलं म्हणून मी? रात्रीच्या उरलेल्या भातासारखी?"

त्याचा चेहरा उतरला. "जिंकलो असतो तरी विचारणार होतो."

"ते आता कुणीही म्हणेल."

"खरं बोलतोय तो," मागून निन्फा म्हणाली. तिच्या हातात त्याचं जाकीट होतं. "आठवडाभर आरशापुढं पाठ करतोय. मलासुद्धा तोंडपाठ झालंय. म्हणून दाखवू?"

"निन्फा!"

येसेनियानं ओठ दाबून हसू आवरलं. "नको. त्याच्याच तोंडून ऐकते."

निन्फा जाकीट ठेवून गेली. फाउस्तोनं सांगितलं, पाठ केलेलं सगळं विसरून, अडखळत, दोन वाक्यांत.

"पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार?" तिनं विचारलं.

"उतरणार."

"आणि जिंकलास तर?"

"तर... स्पेन."

"मग जा. मी काही कुठं पळून जात नाही." ती संत्रं सोलू लागली. "आणि हो म्हणाले मी. ऐकलंस ना?"

नदीकाठानं परतताना सवयीनं तो पुढं निघून गेला.

"अरे, जरा माणसासारखं चाल ना!"

तो मागं आला. तिच्या हातातली पिशवी घेतली, मग हातही घेतला. बाळाची गाडी ढकलत एक बाई त्यांना ओलांडून पुढं गेली. त्यानं तिला जाऊ दिलं.