बांबूच्या कुडापलीकडचा आवाज

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि मावशी अजून हयात आहे. पटत नसेल तर सोडून द्या. फक्त त्या गावाचं नाव विचारू नका. लोक अजूनही तिथं आरामाला जातात.

जपानमधल्या अकिताच्या डोंगरातलं गरम झऱ्यांचं गाव. फेब्रुवारीतली दिवेलागण. बर्फ पडत होता...

आणि वारा अजिबात नव्हता.

मिसाओमावशी आणि शिगेहारुकाका यांचं टोफूचं दुकान होतं. उभा जन्म दोघांनी पहाटेच्या आधी उठून सोयाबीन दळण्यात घालवला. सुट्टी अशी कधी घेतलीच नाही. काकांचे गुडघे गेले, तेव्हा दुकान बंद केलं आणि दोघं आयुष्यात पहिल्यांदा झऱ्याच्या हॉटेलात राहायला गेली.

खोलीत शिरल्याबरोबर काका चटईवर आडवे झाले.

"अहो, सोयाबीन भिजत घालायचं राहिल्यासारखं वाटतंय मला," मावशी म्हणाली.

"दुकान मिटलं, अगं!"

"मग पहाटे उठून मी करू काय?"

"झोप. पहाटे माणसं झोपतात. ऐकलं नाहीस कधी?"

मावशी हसली. हॉटेलचे सुती झगे अंगावर चढवून दोघं खाली गेली. निळ्या पडद्यामागं पुरुषांचं कुंड, तांबड्या पडद्यामागं बायकांचं. दोन्ही उघड्यावर, मध्ये उंच बांबूचा कूड.

बायकांकडे कुणीच नव्हतं. पाणी दुधासारखं पांढरं. गंधकाचा उग्र वास. मावशी गळ्यापर्यंत पाण्यात बसली आणि तिला रडूच आलं... इतकं बरं वाटलं.

त्या दोघांची एक जुनी सवय होती. घराजवळच्या सार्वजनिक न्हाणीघरातसुद्धा ती भिंतीपलीकडे हाक मारायची. म्हणजे दोघं बरोबर बाहेर पडतील, थंडीत एकाला दुसऱ्याची वाट बघत कुडकुडायला नको.

थोड्या वेळानं मावशीनं हाक मारली. "अहो, निघायचं का?"

"थांब. अजून थोडं."

काकांचाच आवाज. मावशी थांबली. बर्फ तिच्या केसांवर पडत होता.

"अहो, आता?"

"थांब. अजून थोडं."

"बोटांच्या सुरकुत्या बघा माझ्या! आता टोफू नाही, सुकवलेला मुळा झालेय मी."

एरवी काकांनी यावर काहीतरी टोला हाणला असता.

पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही...

पाण्याचाही आला नाही.

मावशीच्या तेव्हा ध्यानात आलं. काका पाण्यात गप्प बसणारा माणूस नव्हता. ते पाणी उडवणार, खाकरणार, जुनी गाणी गुणगुणणार. कुडापलीकडे तर काहीच नव्हतं. नुसती शांतता.

तिचं डोकं जड झालं होतं. हात उचलावासा वाटेना.

"अहो... बरं आहे ना तुम्हाला?"

"थांब. अजून थोडं."

तेच शब्द. तोच सूर. तसूभरही फरक नाही.

आणि या वेळी आवाज कुडापलीकडून आला नव्हता.

तो वाफेतून आला होता... तिच्याच कुंडातून. अगदी समोरून.

मावशी कशी बाहेर आली, तिला आठवत नाही. दगडावर गुडघा फुटला, तेही नंतर कळलं. ओल्या अंगावर झगा गुंडाळून ती धावली आणि दारात चपला सांभाळणाऱ्या इनागाकी नावाच्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"बाई... तुम्ही मागच्या दारानं परत आलात का?"

"परत? मी गेलेच नाही कुठं! आमचे हे बाहेर आले का?"

"असं काय करता? मगाशी दोघं मिळून नाही का गेलात? मी म्हटलंसुद्धा, केस ओले आहेत, सर्दी होईल. तुम्ही मागं वळून पाहिलंही नाहीत. साहेब मात्र हसले. म्हणाले, आज हिला बर्फ बघायचाय."

मावशीनं त्याची बाही पकडली.

"कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं हात केला, आणि हात करता करता त्याचाच चेहरा उतरला. त्या बाजूला एक घळ होती. डोंगरातून विषारी वायू निघतो तिथं. वारा असला की उडून जातो. वारा पडला की खाली साचून राहतो. म्हणून घळीच्या अलीकडे दोरी बांधून तांबडं निशाण लावलेलं होतं.

त्यानं कंदील उचलला आणि आत हाक दिली. दोन माणसं धावत आली.

बर्फात पावलं उमटलेली होती. लाकडी चपलांची.

एकाच माणसाची.

म्हातारा सारखा खाली कंदील धरून बघत होता. "दोघं होती," तो पुटपुटला. "बाई, आईशपथ सांगतो. दोघं होती."

पावलं दोरीपाशी गेली होती. दोरीखालून पलीकडे गेली होती. घळीच्या तळाशी काका बर्फात बसलेले दिसले. एक हात बाजूला, जरा उंच धरलेला...

कुणाचा तरी हात हातात असावा तसा.

इनागाकी तोंडाला ओला टॉवेल बांधून, श्वास रोखून खाली उतरला. बगलेत हात घालून त्यानं काकांना ओढत वर आणलं. दुसऱ्या दोघांनी उचललं. मावशी त्यांच्या अंगावर पडून ओरडत होती, "अहो! अहो, बघा ना माझ्याकडे!"

काकांनी डोळे उघडले. मावशीकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून घळीकडे पाहिलं.

"तिला खालीच ठेवलंत?" ते म्हणाले. "अरे, तिलाही आणा ना वर!"

काका वाचले. दवाखान्यात प्राणवायू लावला, हळूहळू रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. मेंदूला काही इजा दिसत नाही. त्यांना सगळं आठवत होतं. दुकान, पत्ता, माझं नाव, माझ्या लहानपणच्या खोड्यांचे किस्से.

फक्त शुद्धीवर आल्यावर मावशीनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला, तेव्हा ते अवघडून बाजूला झाले.

"तुम्ही फार त्रास घेताय माझ्यासाठी," ते म्हणाले.

तुम्ही.

जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारणारा माणूस. त्या दिवसापासून त्यांनी मावशीला एकदाही 'अगं' म्हटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी भांडण केलं नाही, आरडाओरडा केला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मावशी म्हणते. ते अतिशय सभ्यपणे वागायचे. पाहुणा वागतो तसे. सूप वाढलं की मान लववून आभार मानायचे. अंथरूण आपलं आपण घालून घ्यायचे, बाहेरच्या खोलीत.

मी एकदा त्यांना एकटं गाठून विचारलं. "काका, मावशीला असं का छळता?"

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"त्या बाई चांगल्या आहेत गं," ते म्हणाले. "फार करतात माझं. पण त्या मिसाओ नव्हेत. तुझी मावशी मी त्या घळीत सोडून आलो. तिचा हात सुटला माझ्या हातातून. थंडीत बसली असेल बिचारी."

आणि ते रडले. आत मावशी मुळा चिरत होती. सुरीचा आवाज थांबला होता.

पुढच्या हिवाळ्यात, एक दिवस मावशी सकाळीच बाजारात गेली ती दिवेलागणीला परतली, तर काका घरात नव्हते. जाड कोट नव्हता. बूट नव्हते. चहाचा कप मात्र विसळून पालथा घातलेला.

कुठं गेले असतील, हे तिला विचारावं लागलं नाही. तिनं हॉटेलात फोन लावला. मालकीणबाईंनीच उचलला.

"हो, आलेत ना साहेब! उजेड होता तेव्हाच पोचले. प्रकृती छान वाटतेय. आपण कोण बोलताय?"

"मी त्यांची बायको. त्यांना बाहेर जाऊ देऊ नका. मी निघालेच..."

पलीकडे जेवणाच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"बाई, ही कसली थट्टा?" मालकीणबाईंचा आवाज बदलला. "त्यांच्या मिसेस इथंच आहेत. माझ्यासमोर बसून जेवताहेत दोघं. देऊ का फोन त्यांना?"

मावशी रात्रभर गाड्या बदलत तिथं पोचली. खोलीत दोन अंथरुणं होती. दोन्ही वापरलेली. बाहेर रात्रीच्या बर्फानं सगळं सपाट केलं होतं. पोलीस आले, माणसं घळीत उतरली. नंतर बर्फ वितळल्यावर पुन्हा उतरली.

काही सापडलं नाही. आजवर नाही.

मावशी आता आमच्या घराजवळच राहते. मी रोज तिच्याकडे जाते. ती हसते, बोलते, मुळ्याचं लोणचं घालते. पण कधी कधी ती पाठमोरी असली की मला काकांचं रडणं आठवतं... आणि दारातून आत पाऊल टाकायला मला जरा वेळ लागतो.

एकदाच मी तिला विचारलं, "मावशी, त्या बाईंनी 'देऊ का फोन' विचारलं, तेव्हा तू काय केलंस?"

"ठेवून दिला."

"का गं? काकांशी बोलली असतीस."

मावशी खिडकीबाहेर बघत राहिली.

"काकांनी नाही घेतला तो. तिनं घेतला. माझ्याच आवाजात बोलली. 'हॅलो, मी मिसाओ. आपण कोण?'"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आणि मला, बाळ... उत्तरच सुचेना."