केकवर पहिलं नाव कोणाचं?

"मी अजून जिवंत आहे, काशा! माझा नारळ द्यायला मी मेलो नव्हतो!"

रावजी आजोबांचा तो आवाज पाच वर्षं झाली तरी आरोहीच्या कानातून हलला नव्हता. तेव्हा ती सात वर्षांची होती. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे वाडीच्या दगडी चौथऱ्यावर, बसली की मानाचा पहिला नारळ थोरल्या घराने, म्हणजे तिच्या आजोबांनी द्यायचा, ही वाडीची रीत. पण त्या वर्षी आजोबा मुंबईला इस्पितळात होते, छातीच्या ऑपरेशनसाठी. नारळ दिला त्यांच्या धाकट्या भावाने, शेजारच्या काशीराम आजोबांनी. महिन्याभराने आजोबा एसटीतून उतरले, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, आणि दोन घरांमधल्या चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीपाशी, गडग्यापाशी, उभे राहून एवढंच ओरडले.

पलीकडून उत्तर आलं नाही. ते आजतागायत आलं नव्हतं.

आता त्याच गडग्यावर तीन जणांची सभा भरली होती. आरोही, तिची दहा वर्षांची बहीण तेजस्वी आणि काशीराम आजोबांचा नातू ओमकार. ओमकार तेरा वर्षांचा. त्याचे बाबा पोफळीच्या वीजकेंद्रात नोकरीला, त्यामुळे तो सुट्टी लागली की इकडे उगवायचा. या नाताळच्या सुट्टीत मात्र तो तोंड पाडूनच आला होता.

"एक तारखेला सकाळी बाबा गाडी घेऊन येणार," तो म्हणाला. "आजोबांना पोफळीला नेणार, कायमचं. इथे एकटे राहतात ना! घराला कुलूप."

"म्हणजे तू सुट्टीत येणार नाहीस?" तेजस्वी किंचाळली.

"कुठे येऊ? कुलपात?"

आरोहीने गडग्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. तिला दोन घरं दिसत होती. एक उघडं, एक बंद, आणि मधे हा गडगा. आजोबा न बोलताच राहिले आणि काशीराम आजोबा न बोलताच गेले, तर मग कोण कोणाशी बोलणार, आणि कधी?

"एकतीस तारखेला सगळी वाडी सहाणेवर जमणार आहे. दोघांना एकत्र उभं करायचं!" ती अचानक म्हणाली.

"आणि काय करायचं? कबड्डी?" ओमकार म्हणाला.

"केक!" तेजस्वीने टाळी वाजवली. "दोघांच्या नावाचा! एकच केक, एकच सुरी. सुरी धरायला तरी जवळ यावंच लागेल!"

कल्पना झकास होती. भांडण झालं ते फक्त नावांवरून.

"काशीराम आजोबा चाललेत, त्यांचं नाव आधी," तेजस्वी म्हणाली.

"छे! रावजी आजोबा थोरले. त्यांचं आधी," ओमकारनेच निवाडा दिला आणि प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीने रत्नागिरीला गेली आणि बाजारपेठेतल्या लवूकाकांच्या बेकरीत ऑर्डर देऊन आली. "रावजी आजोबा आणि काशीराम आजोबा, नव्या वर्षाच्या शुभेच्छा." लवूकाकांनी पावती फाडून दिली, तिच्यावर मजकूरही होता आणि बेकरीचा फोन नंबरही. तेजस्वीने ती घरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. ओमकारने पावतीचा फोटो काढला, काशीराम आजोबांच्या फोनवर, कारण त्याच्याकडे स्वतःचा फोन कुठला!

त्या रात्री जेवताना रावजी आजोबांची नजर दोनदा कॅलेंडरकडे गेली. तारीख बघत असतील, असं आरोहीला वाटलं.

एकतीसच्या सकाळी तिघं केक आणायला निघाली. आनंदीबाई, म्हणजे आरोहीची आजी, अंगणात तांदूळ निवडत होती. सुपाच्या तालावर ती स्वतःशीच गुणगुणत होती:

"एका गडग्याच्या कडेला, दोन दारी दोन दिवे,
वारा पुसतो दोघांना, आधी कोणी गं बोलावे..."

"आजी, आजोबा येतील ना गो संध्याकाळी?" आरोहीने विचारलं.

"येतील गो बाय. वाडीचा निरोप आहे, न येऊन सांगतात कोणाला?" आजीने सुपातला खडा बाजूला टाकला. "पण आले म्हणजे बोलले असं नाय हां. मी पाच वर्षं दोघांच्या मधे उभी आहे. माझं काय चाललं नाय, तुमचं चालतंय का बघा."

बेकरीत पोचल्यावर पहिला धक्का बसला. भिंतीवर टाचलेला ऑर्डरचा कागद म्हणजे नुसतं रणांगण! त्यांचा मजकूर खोडून खाली लिहिलं होतं, "काशीराम आजोबा आणि रावजी आजोबा". ते खोडून पुन्हा "रावजी" आधी. ते खोडून पुन्हा "काशीराम" आधी. ते खोडून पुन्हा "रावजी"! कागदाला शाई पुरली होती, हेच नशीब.

"लवूकाका, हे काय!"

"मलाच विचारा!" लवूकाका क्रीमने माखलेले हात वर करत म्हणाले. "चार दिवस फोनवर फोन. कोणी म्हातारा विचारतो, आधी कोणाचं लिहिलंय, आणि सांगतो, हे नाव आधी. मी बदलतो. मग दुसरा म्हातारा सांगतो, ते नाव आधी. मी बदलतो. सीझन चाललाय माझा, मी नाव विचारत बसू का?"

"पण ऑर्डर आमची होती!"

"अगो, मोठ्या माणसानं सांगितलं, मी ऐकलं! पोरांना काय विचारायचं त्यात?"

ओमकारच्या कानशिलापर्यंत लाली चढली. तो आरोहीकडे वळला.

"बघितलंस? शेवटी रावजीच पहिले! तुझ्या आजोबांना नारळपण पहिला पाहिजे, नावपण पहिलं पाहिजे!"

"आणि तुझे आजोबा?" आरोही उसळली. "मधे दोनदा काशीराम कोणी केलं मग? दुसऱ्याचा मान घ्यायची सवयच आहे त्यांना!"

"तोंड सांभाळ हां!"

"तू सांभाळ!"

आणि आरोही एकदम थांबली. आपला आवाज तिने ऐकला. तो तिचा नव्हताच. पाच वर्षांपूर्वी गडग्यापाशी उभा होता, तो होता. आपण भांडण मिटवायला आलो आणि भांडणच सोबत घेऊन आलो! बारा वर्षांच्या मुलीने करायचं तरी काय? मोठ्यांच्या हट्टापुढे आपण म्हणजे खडकापुढची लाट. आपटायचं आणि परत जायचं.

तेवढ्यात लवूकाकांचा फोन वाजला.

"ए पोरी, दाब गो ते बटण! माझे हात बघ!"

तेजस्वीने बटण दाबलं, स्पीकरचंही दाबलं. बेकरीभर एक खोकला घुमला.

"लवू, मी बोलतोय, कालचा. त्या केकवर रावजीचं नाव आधी आहे ना रे? परत कोणी बदललं नाय ना? थोरला आहे तो. त्याचं आधी पाहिजे. माझं, आपलं, खाली कुठे बारीक घाल. नाय घातलंस तरी चालेल."

तो आवाज ओमकारने हजार गोष्टींत ऐकला होता.

"आजोबा?" त्याच्या तोंडून गेलं.

फोन कट!

"म्हणजे रावजी आधी करणारे..." आरोही पुटपुटली, "काशीराम आजोबा? मग काशीराम आधी करणारे कोण?"

ओमकारने लवूकाकांचा फोन उचलला आणि आलेल्या फोनांची यादी उघडली. त्याच्या आजोबांच्या नंबराबरोबर आलटून पालटून दुसरा एकच नंबर होता. आरोहीला तो तोंडपाठ होता. शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर तिने तोच लिहिला होता.

"आमच्या घरचा," ती म्हणाली आणि मटकन पिठाच्या पोत्यावर बसली.

"दोघं भांडतायत," तेजस्वी डोळे विस्फारून म्हणाली, "पण दुसऱ्याला पुढे करायला भांडतायत!"

ओमकारने हसावं की रडावं अशा चेहऱ्याने आरोहीकडे पाहिलं. "सॉरी हां. मघाचं."

"मीपण."

"पण आता सांगून टाकू या की दोघांना!" तेजस्वी म्हणाली.

"काही उपयोग नाही," ओमकारने मान हलवली. "माझे आजोबा म्हणतील, कसला फोन? राँग नंबर लागला असेल."

"आमचे तर म्हणतील, मला फोन लावताच येत नाही," आरोही म्हणाली.

"ओ सभापती!" लवूकाका ओरडले. "काय लिहायचं ते सांगा! अजून पंधरा केक आहेत माझे!"

काय सांगणार? रावजी आधी लिहिलं तर आजोबांचं मन मोडणार. काशीराम आधी लिहिलं तर काशीराम आजोबांचं. पाच वर्षांत दोघांनी एकमेकांसाठी एकच गोष्ट केली होती, आणि ती दोघांची एकदम पुरी करणं कोणालाच शक्य नव्हतं! आरोहीला भरून आलं. समोर फिरत्या पाटावर लवूकाका दुसऱ्याच कोणाच्या केकला कडेने गुलाबी वेल काढत होते. पाट फिरत होता, वेल फिरत होती. वेल कुठे सुरू झाली ते आरोही शोधू लागली. सापडेना.

ती ताडकन उठली. "काका! नावं कडेने लिहा!"

"कडेने?"

"गोल! अक्षरं सारखी, अंतर सारखं, दोन नावांच्या मधे एकेक फूल. जो जिकडे उभा राहील, त्याला तिकडचं नाव आधी दिसेल. मधे शुभेच्छा!"

लवूकाकांनी तिच्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं. "वीस वर्षं केक करतोय, हे नाय सुचलं मला," ते म्हणाले आणि क्रीमची पिशवी उचलली.

परतीच्या एसटीत केक आरोहीच्या मांडीवर आणि जीव मुठीत! मिरकरवाड्याहून आलेल्या एका काकूंनी माशांची टोपली खोक्यावर टेकवायला उचललीच होती.

"काकू, नको! केक आहे!" तिघं एका सुरात ओरडली.

"मग काय माझे बांगडे खाणार आहेत त्याला?" काकू म्हणाल्या, पण टोपली त्यांनी पायापाशी ठेवली.

घाटीच्या वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. खोकं पुढच्या सीटवर आपटलं! उघडून बघितलं तर मधल्या शुभेच्छांचा चिखल झाला होता. नव्या वर्षाचा पत्ता नव्हता. कडेची दोन नावं मात्र शाबूत होती. तेजस्वी रडायच्या बेताला आली. आरोहीने खोकं बंद केलं आणि दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलं. आता जे होईल ते होईल.

ऊन कलताना सहाणेवर वाडी जमली. रावजी आजोबा एका टोकाला उभे, काशीराम आजोबा दुसऱ्या टोकाला. आजीने दोघांना टेबलापाशी आणलं, एकाला हाताने, एकाला डोळ्यांनी. ओमकारने झाकण काढलं.

मधला चिखल बघून कोणीतरी फिसकन हसलं. पण दोघा म्हाताऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. रावजी आजोबांनी चष्मा नीट केला. त्यांच्या समोर त्यांचंच नाव होतं. त्यांनी हळूच खालचा पुठ्ठा धरला आणि केक फिरवला. काशीरामचं नाव पुढे आलं.

काशीराम आजोबांनी पुठ्ठा धरला आणि केक उलटा फिरवला. रावजीचं नाव पुढे आलं.

रावजी आजोबांनी पुन्हा फिरवला.

काशीराम आजोबांनी पुन्हा!

केक इकडे, केक तिकडे. आरोहीने हात पुढे केला आणि मागे घेतला. ना पुढे जाता येत होतं, ना थांबवता येत होतं.

"अहो, पडेल तो!" शेवटी आजी ओरडली. "पोरांनी दिवसभर जिवापाड सांभाळलाय! या तीन पोरांना जेवढी अक्कल आहे तेवढी तुम्हां दोघांत मिळून नाय! गोल लिहून आणली त्यांनी नावं, कोणी मागं नको म्हणून. शहाणी गो माझी वासरं!" आणि तिने तिघांना एकदम पोटाशी धरलं.

दोघांचे हात पुठ्ठ्यावरच राहिले. चार हात, एक केक.

"सोड, काशा," रावजी आजोबा म्हणाले. पाच वर्षांतले पहिले शब्द. आवाज खरखरीत होता, गंजलेल्या कडीसारखा. "तुझं नाव पुढे राहू दे. घर सोडून तू चाललायस. आजचा मान तुझा."

काशीराम आजोबांनी मान खाली घातली. ओमकारने त्यांचा सदरा मागून धरला होता.

"मान नको मला, दादा," ते म्हणाले. "तेव्हाही घेतला नव्हता. देवाशी बोललेलं चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून गप्प राहिलो. तू ओरडलास, मग तर नायच सांगवलं."

"काय सांगायचं होतं?"

"तुला ऑपरेशनला आत घेतलं, तेव्हा पालखी इथेच होती. डॉक्टरांनी काय खरं नाय म्हणून सांगितलं होतं. तो नारळ मी माझ्या नावानं दिलाच नव्हता, दादा. तुझं नाव घेऊन दिला. देवीला म्हटलं, आई, माझी उरलेली वर्षं घे, पण माझ्या दादाला घरी आण."